प्रेमलताबाईंच्या टर्कीचं डोकं

खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एक फोटो आला आणि माझा दिवस तिथंच आटोपला. मी तेव्हा घरी ओट्यावर बसून गुडघ्याला तेल लावत होतो. एकसष्ट वर्षांचा गुडघा आहे. त्यातली छत्तीस वर्षं त्यानं गाई-म्हशींच्या मागं उकिडवं बसण्यात घालवली. रिटायर व्हायला चार महिने बाकी होते आणि मी देवाजवळ रोज एकच मागून राहिलो होतो, की बापा, हे चार महिने काही होऊ देऊ नको. लस टोचू दे, गाभण तपासू दे, सह्या करू दे आणि घरी जाऊ दे.

फोटोत एक डोकं होतं. पक्ष्याचं असावं, कारण चोच होती. पण पीस एक नाही. नुसती उघडी कातडी, निळी-जांभळी, तट्ट फुगलेली, आणि तिच्यावर दाणेच दाणे, एखाद्याला देवी याव्या तसे. कपाळावर मांसाचा एक लोळा पडला होता. फोटो उलटा आहे का सुलटा, तेही समजत नव्हतं. मी मोबाईल फिरवून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. खाली मोतीरामनं लिहिलं होतं : टर्की पक्षी, नग पाच, प्रेमलताबाई, बोरगावच्या पुढची वाडी.

नाव वाचलं आणि गुडघ्यावरचा हात तसाच राहिला.

मोतीराम म्हणजे आमच्या दवाखान्याचा शिपाई. माझ्याबरोबर नोकरीला लागला, माझ्याबरोबरच म्हातारा झाला. आठ दिवसांपूर्वी तिगावकडे रेल्वेलाइनच्या बाजूला पंधरा-वीस कावळे मरून पडले होते. कशानं मेले ते भोपाळच्या लॅबहून कळायचं होतं, पण तोवर बर्ड फ्लूच्या नावानं सगळा जिल्हा कामाला लागला होता. घरोघर जा, कोंबड्या पाहा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. माझा गुडघा असा, म्हणून मी मोतीरामला एकट्यालाच पाठवत होतो. म्हटलं, कोंबड्या पाहायला काय डॉक्टर लागते. मी तरी कुठं डॉक्टर आहे. मी सहायक. लोक डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मी म्हणू देतो.

पाचव्या मिनिटाला साहेबांचा फोन. साहेब पांढुर्ण्यात बसतात. पहिले आमचे साहेब छिंदवाड्याला होते, लांब होते, बरं होतं. जिल्हा नवा झाला आणि साहेब जवळ आले.

"श्रीकांतजी, फोटो पाहिला?"

"पाहिला साहेब."

"डोकं निळं, सूज. आणखी काय पाहिजे? उद्या दहा वाजता पथक पाठवतो. तुम्ही आज जाऊन पंचनामा करा. आजारी पक्षी आढळले म्हणून सही करा. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून पुरावे लागतील, घरं मोजून ठेवा."

"साहेब, तो टर्की आहे. त्याचं डोकं कसं असते आपल्याला..."

"तुम्ही कधी पाहिला आहे?"

"नाही."

"मग?" साहेब म्हणाले. त्यांनीही पाहिला नव्हता, पण साहेबांनी पाहायचं नसते. "संध्याकाळी पाचच्या आत ग्रुपवर टाका."

फोन ठेवला. आतून मीनानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, दुष्काळात तेरावा महिना.

आता हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी सहसा कुणाला सांगत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी असाच जानेवारी होता आणि अशीच बिमारीची हवा होती. प्रेमलताबाईकडे तेव्हा बेचाळीस कोंबड्या होत्या. गावरानी, अंगणात फिरणाऱ्या. त्यातल्या दोन एका सकाळी मेल्या. बाईनं स्वतः फोन करून मला सांगितलं. इमानदार बाई. दुसरी असती तर गुपचूप पुरल्या असत्या. मी मोतीरामला म्हटलं, पुढं हो, सगळ्या पकडून, बांधून ठेव, मी अकरापर्यंत पोचतो. आणि मी पोचलो एक वाजता. मधात मोहगावला एका ओळखीच्याकडे तेरवी होती, आग्रह झाला, जेवायला बसलो. पोचलो तेव्हा पोट भरलेलं होतं, ऊन डोक्यावर होतं आणि कामाचा कंटाळा आला होता. कोंबड्यांचे तुरे पाहिले. सगळ्यांचे काळे-निळे. एक नाही, दोन नाही, चाळीसच्या चाळीस. मी कागदावर लिहिलं : तुरे व गळ्याखालचे गलोल निळे, बर्ड फ्लू संशयित. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी पथक आलं, खड्डा झाला, चुना पडला. वाडीतल्या बाकीच्या घरांच्याही गेल्या.

महिन्यानं लॅबचा कागद आला. त्या दोन मेलेल्या कोंबड्यांचा. बिमारी नाही. बहुतेक शेतातलं औषध लावलेलं बी खाऊन मेल्या असाव्यात. तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. बाईला सांगू म्हटलं, उद्या सांगू म्हटलं. उद्याची अशी चार-पाच वर्षं झाली. पण एक गोष्ट मला तेव्हापासून छळून राहिली होती. बिमारी नव्हती तर तुरे निळे कशानं झाले? मी डोळ्यांनी पाहिले होते. मी आंधळा नव्हतो, आळशी होतो.

तर ही ती बाई. आणि पुन्हा निळं डोकं, पुन्हा माझी सही.

मोतीराम वाडीवरून परत आल्यावर त्याला गाडीवर मागं घेतलं आणि निघालो. रस्त्यानं दोन्ही बाजूला संत्र्याचे बगीचे, आंब्या बहार लागलेला, फुलांचा वास नाकात बसून राहतो. लोकांना तो वास आवडते. मला त्यानं डोकं चढते. मागून मोतीराम बोलतच होता.

"साहेब, काय जनावर हाय ते. एवढा मोठा, पंधरा किलोचा असन. आन् तोंड पाहाल तर जेवण जाणार नाही. मी म्हणतो, त्याले जंगलातच ठेवलं पायजे होतं."

"पकडला कसा तू?"

"बाईनं नाही पकडला. म्हणे तुमचं तुम्ही पाहा. मंग मी अन् शेजारचा अंकुश, दोघांनी धरला. लय ताकद."

बोरगावच्या अलीकडे चहाच्या टपरीजवळ नेटवर्क चांगलं येते म्हणून गाडी थांबवली आणि मोबाईलवर टर्कीचं डोकं शोधलं. एक चित्र सापडलं, अमेरिकेतल्या रानटी टर्कीचं. डोक्याला चारही बाजूंनी बाण मारून नावं लिहिली होती. आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात कोंबडीची अशी आकृती होती, तिच्यावर मला दहापैकी आठ मिळाले होते. टर्कीवर त्या पुस्तकात दोन ओळी होत्या, त्याही मी सोडून दिल्या होत्या. आपल्याकडे कोण पाळते, म्हटलं. चित्राखाली लिहिलं होतं, की ह्या पक्ष्याच्या डोक्याचा रंग मनाप्रमाणे बदलते. लाल, निळा, पांढरा. क्षणात. कपाळावरचा तो मांसाचा लोळा लांब होते आणि आखूड होते. मी ते दोनदा वाचलं. मग साहेबांना पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं : मोबाईलवर काहीही येते. प्रत्यक्ष पाहून लिहा.

ते म्हणाले ते काही खोटं नव्हतं. प्रत्यक्ष पाहून लिहायचं, हेच तर मी मागच्या वेळी केलं होतं.

प्रेमलताबाई बगीच्यातल्या घरासमोर बसून तूर पाखडून राहिल्या होत्या. साठीच्या आसपासची बाई, अंगानं काटक. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलता मुलगा हेमराज बोरगावच्या कंपनीत शिफ्टला. मला पाहून त्या उठल्या नाहीत. सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"या डॉक्टरसाहेब. बोलावलं तं नव्हतं मी."

"हो ना बाई. वरून आलं."

"वरून." त्यांनी मान हलवली. "मागच्या वेळीबी वरूनच आलं होतं. बसा. पाणी देऊ?"

मी बाजेवर बसलो. गुडघा कडकन वाजला. बाईनं पाण्याचा गडवा आणून दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

"पकडून नेणार असान तं सांगून ठेवते. ह्या वेळी मी आवाज देणार नाही. तुमचे तुम्ही पकडा."

"नेणार असं कोण म्हणून राहिलं..."

"मोतीरामभाऊनं फोटो काढला तवाच समजली मी. फोटो काढला का न्यायले येतात." मग आवाज न चढवता म्हणाल्या, "कोंबड्यांची गोष्ट वेगळी होती. त्या बिमार होत्या. तडफडून मरण्यापेक्षा एका झटक्यात गेल्या, मी मनाले समजावलं. हे बिमार नाहीत जी. हे पाचही चांगले ठणठणीत हायेत. मीच तं पाहते त्याइले रोज. तुम्हाले काऊन दिसून नाही राहिलं?"

मी पाणी प्यायलो. खणातला कागद माझ्या छातीवर बसला होता. म्हटलं, दाखवा तर खरं.

टर्की घरामागं जाळीच्या आडोशाला होते. चार माद्या आणि एक नर. मी आजवर हत्ती सोडून सगळं तपासलं आहे, पण असं तोंड पाहिलं नव्हतं. अंग तांब्याच्या भांड्यासारखं चमकणारं, आणि त्या देखण्या अंगावर हे डोकं, जसं कुणी दुसऱ्याचं आणून बसवलं. मोतीराम पुढं, मी मागं. हातात ब्याग, तोंडाला मास्क, अंगात पांढरा कोट. आम्ही जाळीजवळ गेलो आणि नर थबकला. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या डोक्यातलं रक्त उतरलं. गालाची कातडी फिकी झाली, मग निळसर. चोचीवर लोंबणारा मांसाचा लोळा आखडत आखडत वर गेला आणि कपाळावर बोटाच्या पेराएवढा खुंट राहिला. गळ्याखालचे दाणे पांढुरके पडले.

"पाहा साहेब," मोतीराम हळूच म्हणाला. "हायच ना."

आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. निळं आहे. लिहून टाकतो, सही करतो, मोकळा होतो. मी काही खोटं लिहून राहिलो नाही. चार महिने राहिले आहेत, साहेबांशी कशाला वाकडं घ्या. माणूस थकला म्हणजे त्याला खरं-खोटं नको असते, त्याला फक्त आटोपायचं असते. मी पेन काढला.

"तो तुम्हाले भ्याला," मागून प्रेमलताबाई म्हणाल्या.

"काय?"

"भ्याला म्हणते. ही कपाळावरची सोंड आत घेतली का समजायचं, भ्याला. लाल हाय तं मजेत हाय. टाळू पांढरी अन् गाल निळेगार करून पिसं फुगवून फिरला, सोंड लांब सोडली, तं समजायचं मादीसमोर मिजास करून राहिला. हे निळं तसं नाही. हे फिकं हाय. हे भ्यायचं." त्या हे सगळं असं सांगत होत्या जसं कुणी वरणात मीठ किती ते सांगावं. "कोंबडीचं तोंड समजत नाही जी माणसाले. ह्याचं लगेच समजते. ह्याच्या पोटात काही राहत नाही."

"बाई, मला असं कसं लिहिता येईल, की तो मला भ्याला?"

"मंग तुम्ही मागं जाऊन पाहा ना. तिकडं, झाडाखाली. कोट काढा. अन् ते तोंडाचंबी."

मोतीरामनं माझ्याकडे पाहिलं. मी मोतीरामकडे पाहिलं. बारा वाजले होते, पाचपर्यंत वेळ होता आणि मागच्या वेळी हाच वेळ मी पंगतीत घालवला होता. कोट काढला, मास्क काढला, ब्याग मोतीरामच्या हाती दिली आणि तीस पावलांवरच्या एका संत्र्याखाली जाऊन बसलो. छत्तीस वर्षांत कुठल्या जनावराकडे मी असा नुसता बसून पाहत राहिलो नव्हतो. आपण येतो, धरायला लावतो, सुई मारतो, जातो.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग बाई जाळीजवळ गेल्या, ओठांनी काहीतरी चुटचुट केलं आणि ज्वारी टाकली. नर एक पाऊल पुढं आला. मग दुसरं. आणि खालून, गळ्याच्या दाण्यांपासून रंग वर चढायला लागला. पहिले दाणे लाल झाले, मग गळ्याखालची लोंबती कातडी, बैलाची पोळी असते तशी, मग गाल. कपाळावरचा खुंट ढिला पडला, वाढला, चोचीवरून खाली उतरला आणि बाजूला लोंबायला लागला. दाणे टिपताना त्याला तो आड येत होता, म्हणून तो मान झटकून बाजूला टाकायचा. डोकं आता पिकल्या टमाट्यासारखं झालं होतं. बाईच्या पायाजवळ चरून राहिला होता, तिच्या नखावर चोच मारून पाहत होता.

मी झाडाखालूनच मोबाईलवर चित्र मोठं करून त्याचा फोटो घेतला. मग उठलो आणि जाळीकडे दहा पावलं गेलो. डोकं फिकं. मागं आलो. लाल. पुन्हा गेलो. पुन्हा फिकं. असं मी चार वेळा केलं, फिक्याचाही फोटो घेतला. मोतीरामला वाटलं असेल, साहेबाचं डोकं फिरलं. जी बिमारी मी लिहायला आलो होतो ती बिमारी मीच होतो. तिथं उभा राहून मला फार वाईट वाटलं. त्या पक्ष्याला माझी एवढी पारख होती.

पण तेवढ्यानं भागत नव्हतं. मोतीरामच्या फोटोतलं डोकं फिकं नव्हतं. ते जांभळं होतं, फुगलेलं होतं. भ्यायचा रंग तसा नव्हता.

"मोतीराम, फोटो काढताना कसा धरला होता? दाखव."

"जसा धरतेत तसा."

"दाखव म्हटलं ना."

त्यानं आत जाऊन एका मादीला गाठलं, दोन्ही पाय एका मुठीत घेतले आणि उचलली. डोकं खाली, पाय वर. आपल्याकडे कोंबडी अशीच धरतात. बाजारात अशीच आणतात, सायकलच्या हँडलला अशीच टांगतात, मी लहानपणापासून वेगळी धरलेली पाहिलीच नाही. कुणाच्या मनातही येत नाही की ह्यात काही आहे. मादी थोडी फडफडली आणि लोंबत राहिली. मी घड्याळ लावलं, मोबाईल धरला. एका मिनिटात डोकं गडद झालं. दोन मिनिटांत जांभळं. डोळ्यांभोवतीची कातडी फुगून आली, दाणे टरटरले, आणि कपाळावरचा लोळा उलटा होऊन टाळूवर पडला. ग्रुपवरचा फोटो माझ्यासमोर लटकत होता.

"सोड," मी म्हटलं. "सरळ कर तिला. हळू."

मादी पायावर उभी राहिली, झिंगली, मग पिसं झाडून चालायला लागली. थोड्या वेळात डोक्याची सूज उतरली.

"असा किती वेळ धरला होता त्या नराला?"

"आता साहेब, मोबाईलले लॉक, मंग क्यामेरा सापडेना... असन पाच-सात मिनिटं."

मी तिथंच जाळीच्या खांबाला धरून उभा राहिलो. कारण माझ्या मनात आता टर्की नव्हता. माझ्या मनात एक लाकडाची बल्ली होती. ह्याच घरासमोर, दोन खुंटांवर आडवी टाकलेली, आणि तिला पाच-पाच, सहा-सहाच्या जुड्या करून उलट्या टांगलेल्या चाळीस कोंबड्या. पकडून, बांधून ठेव, मी अकराला येतो. आणि मी आलो एक वाजता. उन्हात, दोन तास, डोकं खाली.

"मोतीराम," मी हळू म्हटलं, "त्या वेळच्या कोंबड्या."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "तुम्ही म्हणले होते ना साहेब, बांधून ठेव."

"मीच म्हटलं होतं. तुझं काही नाही त्यात."

त्याला दोष देता आला असता तर बरं झालं असतं. पण तो दोष माझा होता, उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकण्यासारखा नव्हता.

दोन वाजता साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं तेच तेच सांगितलं. साहेबांना पटलं असं नाही, पण लाल डोक्याचा फोटो पाहिला, फिक्याचा पाहिला, उलट्या टांगलेल्या मादीचा पाहिला, आणि शेवटी म्हणाले, की उद्या काही निघालं तर तुमची पेन्शन, तुम्ही जाणा. म्हटलं, मी जाणतो. पंचनाम्यात लिहिलं : पाचही पक्षी निरोगी. डोक्याचा रंग मनःस्थितीनुसार बदलतो, आजार नाही. सुजलेल्या डोक्याचा फोटो पक्षी उलटा धरल्यामुळे. सावधगिरी म्हणून घशातला नमुना घेतला. खाली सही केली. पथकाचा दौरा रद्द झाल्याचं साडेतीनला ग्रुपवर आलं. प्रेमलताबाईचे टर्की वाचले, वाडीच्या कोंबड्या वाचल्या.

बाईनं चहा केला. आता मात्र त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. बाजेसमोर खाली बसून त्या बोलायला लागल्या, न विचारता.

"हेमराजनं आणले हे, नागपूरहून. एवढे एवढे पिल्ले होते, खोक्यात. तो लय मागं लागला होता, आई पुन्हा कोंबड्या ठेव, तुले करमत नाही. म्या म्हटलं, कोंबडी पुन्हा ह्या अंगणात नाही. मंग म्हणे, हे कोंबडी नोहे, हे पाहा. तोंड पाहून मी हासली. म्हटलं ठेव, ह्याले कोण नेते."

आता इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. चहा पिऊन, गाडीला किक मारून निघून जायला पाहिजे होतं. बाई खूश होती, काम झालं होतं. पण मला वाटलं, आज एक खरं लिहिलं आहे, तर दुसरंही बोलून टाकू. छातीवरचा दगड उतरेल. माझ्या. तेव्हा मी तिच्या दगडाचा विचारच केला नाही.

"प्रेमलताबाई, एक सांगायचं होतं. त्या वेळच्या कोंबड्या. लॅबचा कागद आला होता नंतर. मी तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं माझं. त्या बिमार नव्हत्या."

बाईनं कप खाली ठेवला.

"बिमार नोहत्या?"

"नाही. उलट्या टांगल्या होत्या म्हणून तुरे निळे दिसले. मला आज समजलं. चूक माझी आहे, सगळी. मी उशिरा आलो. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

मी वाट पाहत राहिलो. शिव्या देईल, रडेल, कप फेकेल. मला तेच पाहिजे होतं. त्यानं मी सुटलो असतो.

बाई अंगणाकडे पाहत होत्या, जिथं ती बल्ली होती तिकडे.

"मोतीरामभाऊले सापडत नव्हत्या त्या," त्या म्हणाल्या. "झाडावर चढल्या, कुडात घुसल्या. तासभर पळवलं त्याले. तीनच सापडल्या होत्या. मंग म्याच कणी घेतली सुपात, अन् आवाज देला. माझ्या आवाजावर येत होत्या. सगळ्या आल्या. एकेक उचलून मीच देल्ली त्याच्या हातात."

मोतीरामनं मान खाली घातली.

"एक खुडूक बसली होती, अंड्यावर. तिले कोणी पाहिलं नव्हतं. तिलेबी मी उठवून आणलं. म्हटलं, बिमार हाय, बिचारीले कायले मांगं ठेवा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "इतके वर्षं मी म्हणत होती, बिमार होत्या म्हणून देल्या. रोज म्हणत होती जी."

"बाई, तुम्हाला काय माहीत होतं..."

"तुम्ही नसतं सांगतलं तं चाललं असतं, डॉक्टरसाहेब."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी घरी नेला असता, मीनाला सांगितला असता, चार दिवसांत जिरला असता. ती नुसती थकलेली होती. माझ्याहून कितीतरी जास्त.

त्या सूप उचलत म्हणाल्या, "आता जा तुम्ही. त्याइले दाणे टाकायची वेळ झाली. तुम्ही इथं हाय तोवर तो येणार नाही."

आम्ही उठलो. मोतीरामनं ब्याग घेतली, मी कोट हातावरच टाकला. फाटकाशी गाडी वळवताना मी मागं पाहिलं. बाई सूप घेऊन जाळीजवळ उभ्या होत्या. नराचं डोकं लाल झालं होतं, सोंड चोचीवरून खाली लोंबत होती, आणि पाचही पक्षी जाळीला चिकटून तिच्या तोंडाकडे पाहत होते. बाई त्यांना आवाज देत नव्हत्या.